आकडा बरोबर, यादी चुकीची : एका मोफत इतिहास-संचाच्या नूतनीकरणाचे प्रकरण

विषय ‘संयुक्त राष्ट्रे आणि १९४५ नंतरचे जग’, वयोगट तेरा ते पंधरा, चाळीस मिनिटांच्या सहा तासिका. संचात ४८ स्लाइड, सहा कृतिपत्रिका, त्यांची उत्तरसूची, वीस प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी, भिंतीवर लावायचा जगाचा नकाशा, संगणकावर चालणारी कालरेषा आणि शिक्षकांसाठी चार पानी टिपण. सगळे मोफत, कोणीही उतरवून घ्यावे असे. संच अजून वापरला जातो, म्हणूनच तो दुरुस्त करायचा आहे. कोणी वापरतच नसते तर काढून टाकणे सोपे होते. (हा कोणा एका संस्थेचा संच नाही. मोफत संचांत पुन्हापुन्हा सापडणारे दोष एकत्र आणून बेतलेला नमुना आहे. त्यातला इतिहास मात्र खरा, आणि चुका अगदी अशाच होतात.)

आधी वय काढा

एकाही फाइलवर तारीख नाही. फाइलच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या तारखेवर विसंबता येत नाही. फाइल नव्याने जतन केली किंवा दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की ती बदलते. तेव्हा वय मजकुरावरूनच काढायचे. पद्धत अभ्यासक जुन्या कागदाला लावतात तीच: कागदात कोणती गोष्ट आली आहे आणि कोणती यायची राहिली आहे, यावरून आधीची आणि नंतरची मर्यादा ठरवायची.

स्लाइडवर ‘संयुक्त राष्ट्रांचे १९२ सदस्य’ असे आहे. मॉन्टेनेग्रो २८ जून २००६ रोजी १९२ वा सदस्य झाला आणि दक्षिण सुदान १४ जुलै २०११ रोजी १९३ वा. म्हणजे स्लाइड या दोन तारखांमधल्या. नकाशावर ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’ असा एकच देश आहे. त्या नावाचा देश फेब्रुवारी २००३ ते जून २००६ एवढाच काळ होता. चौथ्या कृतिपत्रिकेत सरचिटणीस म्हणून कोफी अन्नान यांचे नाव आहे, म्हणजे १९९७ ते २००६. चाचणीतला एक प्रश्न ‘यांपैकी कोणता देश सदस्य नाही?’ असा असून उत्तर स्वित्झर्लंड दिले आहे. स्वित्झर्लंड १० सप्टेंबर २००२ रोजी सदस्य झाला. चाचणी त्याहून जुनी.

एका संचात निदान तीन काळांचे थर निघाले, आणि दोष कुठे आहे तेही कळले. मधल्या काळात कोणीतरी स्लाइड सुधारल्या आणि बाकी फाइली तशाच राहिल्या. हा निष्काळजीपणा आहे असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे, पण खरे कारण रचनेत आहे. एकच तथ्य स्लाइडवर, कृतिपत्रिकेत, उत्तरसूचीत, चाचणीत आणि शिक्षक-टिपणात अशा पाच ठिकाणी वेगवेगळे टंकलेले असेल, तर सुधारणारा माणूस त्याला दिसलेली एक-दोन ठिकाणे बदलतो. म्हणून या प्रकरणात पहिले काम दुरुस्तीचे नाही, मोजदादीचे आहे.

विधानांची नोंदवही

एक साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक तपासण्याजोग्या विधानाला एक ओळ. स्तंभ असे: क्रमांक, विधान, ते कुठे कुठे आले आहे (फाइल आणि पान), प्रकार, आधार, तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख. ‘कुठे कुठे’ हा स्तंभ भरायला सर्वांत कंटाळवाणा, आणि सगळा उपयोग त्याचाच.

शोध घेताना एक गोष्ट हमखास निसटते. ‘192’, ‘१९२’ आणि ‘एकशे ब्याण्णव’ हे तीन वेगळे शोध आहेत. चौथा प्रकार चित्रातल्या अक्षरांचा. तिथे शोध चालतच नाही, डोळ्यांनीच पाहावे लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलींतही शोध फसतो, कारण पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत भलतीच अक्षरे साठवलेली असतात. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणावी, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व अंक मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावेत. अंक बिघडला तर वाचताना लक्षात येत नाही. शब्द बिघडला तर निदान डोळ्याला खुपतो.

प्रकाराच्या स्तंभात चारच नोंदी ठेवल्या. स्थिर: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या आणि ती २४ ऑक्टोबर १९४५ पासून लागू झाली. चल: सदस्यसंख्या, पदाधिकारी, देशांची नावे, राजधान्या. अंदाज: युद्धातील मृतांची संख्या, लोकसंख्या, दारिद्र्य. मांडणी: ‘संयुक्त राष्ट्रांमुळे तिसरे महायुद्ध टळले’ यांसारखी वाक्ये, जी तथ्याच्या वेषात येतात पण मते असतात. शेवटच्या प्रकाराला आधार शोधत बसू नये. ते वाक्य प्रश्नात बदलावे आणि बाजूचे नि विरोधी पुरावे विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत.

अंदाजाच्या ओळीत एकच आकडा कधीही चालवून घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धातले मृत ‘साडेपाच कोटी’ असे संचात ठामपणे लिहिले आहे. आज दिले जाणारे अंदाज साधारण सहा ते साडेआठ कोटी या पल्ल्यात पसरलेले आहेत, आणि फरकाचे मोठे कारण चीन व सोव्हिएत संघातील नागरी मृत्यू, तसेच दुष्काळ नि रोगराईने गेलेले लोक मोजायचे की नाही, हे आहे. पल्ला आणि त्याचे कारण दिले की दोन ओळींत एक आख्खा पाठ होतो. एकच आकडा दिला की पाठांतराला आणखी एक अंक वाढतो.

जुळणाऱ्या आकड्यांचा सापळा

नूतनीकरण करणाऱ्याला उघड चुकीची भीती नसते. १९२ दिसले की हात थांबतोच. धोका आहे तो बरोबर दिसणाऱ्या विधानांचा.

प्रादेशिक संघटनांच्या स्लाइडवर ‘युरोपीय संघ : २७ सदस्य’ असे आहे. तपासणाऱ्याने आजचा आकडा पाहिला, तो २७ च निघाला, ओळीपुढे बरोबरची खूण केली. पण स्लाइडवरचे २७ हे २००७ चे आहेत: १ जानेवारी २००७ रोजी बल्गेरिया आणि रुमानिया आल्यावर झालेले, त्यांत ब्रिटन आहे आणि क्रोएशिया नाही. १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया आल्यावर ते २८ झाले, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडल्यावर पुन्हा २७. आकडा तोच, यादी वेगळी. त्याच स्लाइडवरच्या नकाशात ब्रिटन रंगवलेला आहे, पण खूण पडलेली ओळ पुन्हा कोणी बघत नाही.

दुसरे उदाहरण निर्वसाहतीकरणाच्या तासिकेतले. ‘१९६० साली आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले.’ १९६० मध्ये आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले हे खरे. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत १७ नवे सदस्य आले हेही खरे. पण हे १७ म्हणजे ते १७ नव्हेत. नव्या सदस्यांत सायप्रस आहे, जो आफ्रिकेत नाही. आणि १९६० मध्येच स्वतंत्र झालेल्या मॉरिटानियाला सदस्यत्व मिळाले ते १९६१ मध्ये. दोन खरी विधाने ‘आणि’ने जोडली की तिसरे खोटे विधान तयार होते.

तिसरे, ‘५० संस्थापक सदस्य’ आणि ‘५१ संस्थापक सदस्य’ हे दोन्ही आकडे याच संचात आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत ५० देशांनी सनदेवर सह्या केल्या. पोलंडचा प्रतिनिधी परिषदेला नव्हता. त्याची सही नंतर, १५ ऑक्टोबर १९४५ रोजी झाली, तरी गणना संस्थापकांतच होते. एक आकडा खोडून दुसरा ठेवणे हा आळशी उपाय. दोन्ही ठेवून कशाचा कोणता हे लिहिणे हा खरा.

चौथे जरा नाजूक आहे. ‘संयुक्त राष्ट्रांची सहा प्रमुख अंगे’ हे सनदेप्रमाणे आजही बरोबर. परंतु पुढच्याच वाक्यात विश्वस्त परिषद ‘विश्वस्त प्रदेशांवर देखरेख ठेवते’ असे वर्तमानकाळात आहे. पलाऊ हा शेवटचा विश्वस्त प्रदेश १ ऑक्टोबर १९९४ रोजी स्वतंत्र झाला आणि १ नोव्हेंबर १९९४ पासून परिषदेचे कामकाज स्थगित आहे. चूक आकड्यात नाही, क्रियापदाच्या काळात आहे. संपूर्ण संचात वर्तमानकाळी क्रियापदांवरून एकदा वेगळी फेरी मारावी, ती याचसाठी.

यावरून तपासणीचा एक नियम ठरतो: जिथे आकडा आहे तिथे आकडा तपासू नका, यादी तपासा. यादी जुळली तर आकडा आपोआप जुळतो. उलटे होत नाही.

एका बदलाची साखळी

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. या एका घटनेने संचात किती ठिकाणी हात लावावा लागतो ते पाहा. सदस्यसंख्या १९३. आफ्रिकेतील सदस्य देश ५३ ऐवजी ५४. नकाशावर नवी सीमा आणि जुबा ही राजधानी. नाईल नदी ज्या देशांतून वाहते त्यांची तिसऱ्या कृतिपत्रिकेतली यादी. सुदानच्या लोकसंख्येचा आणि क्षेत्रफळाचा तक्ता. आणि चाचणीतला अकरावा प्रश्न: ‘आफ्रिकेतील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा देश कोणता?’ पर्याय सुदान, अल्जीरिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, लिबिया. जुने उत्तर सुदान. फाळणीनंतर उत्तर अल्जीरिया.

बहुपर्यायी चाचणीत नेहमी घडणारी गोष्ट इथे दिसते. चकवा म्हणून ठेवलेला चुकीचा पर्यायच कालांतराने बरोबर उत्तर होतो. प्रश्न वाचताना काहीच खटकत नाही, चारही नावे खरी आहेत, फक्त उत्तरसूचीतले अक्षर चुकीचे. म्हणून चाचणी तपासताना केवळ उत्तर तपासून भागत नाही. उरलेले तिन्ही पर्याय आज चुकीचे आहेत ना, हेही पाहावे लागते. स्वित्झर्लंडचा प्रश्न याच्या पुढची पायरी: आता त्या प्रश्नाला दिलेल्या पर्यायांत बरोबर उत्तरच उरलेले नाही.

नावांची साखळी छोटी पण चिवट. स्वाझीलँडचे एस्वातिनी झाले (२०१८), मॅसिडोनियाचे उत्तर मॅसिडोनिया (२०१९), तुर्कस्तानाने जून २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांत ‘तुर्किये’ हे नाव घेतले. कझाकस्तानच्या राजधानीचे नाव मार्च २०१९ मध्ये अस्तानाचे नूर-सुलतान झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत अस्ताना. न सुधारलेला जुना नकाशा याबाबतीत आज पुन्हा बरोबर आहे आणि २०२० मध्ये कष्टाने सुधारलेला चुकीचा! अशा ठिकाणी ‘शोधा आणि बदला’ एका झटक्यात वापरू नये. १९६८ च्या घटनेचे वर्णन करताना देश ‘स्वाझीलँड’च असला पाहिजे, ते त्या वेळचे नाव आहे. नियम सोपा: घटनेच्या काळातले नाव, पहिल्या उल्लेखाला कंसात आजचे.

नूतनीकरण म्हणजे सगळे आजचे करणे नव्हे, याचे आणखी चांगले उदाहरण सनदेचे कलम २३. सुरक्षा परिषदेच्या स्थायी सदस्यांची नावे देताना या कलमात आजही ‘चीनचे प्रजासत्ताक’ आणि ‘सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताक संघ’ असेच छापलेले आहे. चीनचे स्थान २५ ऑक्टोबर १९७१ च्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाने बीजिंगकडे गेले, सोव्हिएत संघाची जागा डिसेंबर १९९१ मध्ये रशियाने घेतली. सनदेतली अक्षरे तशीच राहिली. कोणीतरी उत्साहाने या उताऱ्यात ‘रशिया’ असे बदलले होते. मूळ दस्तऐवजाच्या उताऱ्याला नोंदवहीत ‘स्थिर’ असा शिक्का आणि फाइलमध्ये वेगळी पार्श्वभूमी द्यावी, म्हणजे पुढचा दुरुस्त करणारा तिथे थांबेल.

आलेखाला नवी शेपटी जोडू नका

समाजशास्त्राच्या दोन तासिकांत आकडेवारी आहे, आणि तिथे चूक करणे सर्वांत सोपे. दारिद्र्याचा आलेख दिवसाला १.२५ डॉलर या रेषेवर काढलेला आहे. जागतिक बँकेने ही आंतरराष्ट्रीय रेषा २०१५ मध्ये १.९० डॉलर केली, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. दर वेळी तुलनेसाठी वापरलेल्या क्रयशक्तीच्या किमतींचे आधारवर्षही बदलले. जुन्या आलेखाच्या शेवटी नव्या रेषेवरचा ताजा बिंदू जोडला, तर जगात अचानक दारिद्र्य उसळल्यासारखे दिसते. तसे काही झालेले नसते. मोजपट्टी बदललेली असते. उपाय एकच: संपूर्ण मालिका एकाच आवृत्तीतून नव्याने घ्यायची आणि आलेखाखाली रेषा, आधारवर्ष व आवृत्ती लिहायची.

लोकसंख्येचेही तसेच. संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या-अंदाज सहसा दर दोन वर्षांनी नव्याने निघतात आणि त्यात मागच्या वर्षांचे आकडेही सुधारलेले असतात. म्हणून फक्त शेवटचे वर्ष उचलून जुन्या तक्त्यात टाकणे म्हणजे दोन वेगळ्या हिशेबांची बेरीज. जाता जाता: ‘सर्वाधिक लोकसंख्येचा देश चीन’ हे विधान २०२३ मध्ये मावळले, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षी एप्रिलमध्ये भारताने चीनला मागे टाकले.

मानव विकास निर्देशांकाची स्लाइड तर बऱ्याच संचांत अजून जुनी सापडते. प्रौढ साक्षरता आणि दरडोई सकल देशांतर्गत उत्पादन हे घटक २०१० च्या अहवालापासून नाहीत. त्याऐवजी शालेय शिक्षणाची सरासरी वर्षे व अपेक्षित वर्षे, आणि दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न. घटकांचा मेळही साध्या सरासरीऐवजी भूमितीय सरासरीने घातला जातो. ही दुरुस्ती करताना चौथ्या कृतिपत्रिकेतले गणितही बदलते, कारण त्यात विद्यार्थ्यांना साधी सरासरी काढायला सांगितले आहे.

सहस्रक विकास उद्दिष्टांचे काय करायचे यावर मतभेद होण्यासारखा आहे. संचात ती आठ उद्दिष्टे ‘२०१५ पर्यंत गाठायची’ म्हणून येतात. सरळ काढून शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे टाकावीत असे वाटते. आमचे मत वेगळे. आठ उद्दिष्टे आता इतिहासाच्या तासिकेत जावीत, २००० ते २०१५ या कालखंडाचा दस्तऐवज म्हणून, आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजी स्वीकारलेली १७ उद्दिष्टे व त्यांची १६९ लक्ष्ये, मुदत २०३०, ही चालू घडामोडींत. शेजारी ठेवली की आधीच्या यादीत काय नव्हते हे विद्यार्थी स्वतःच शोधतात. विषमता कमी करण्याचे उद्दिष्ट आधी नव्हते, हे सहसा लवकर सापडते.

छायाचित्रे : ओळ आणि परवाना

मानवी हक्कांच्या स्लाइडवर मसुदा-समितीच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मोठा कागद हातात धरून आहेत. खाली ओळ: ‘जाहीरनामा स्वीकारताना, पॅरिस, १० डिसेंबर १९४८’. जाहीरनामा त्या दिवशी पॅरिसला स्वीकारला गेला हे बरोबर, पण हे छायाचित्र नोव्हेंबर १९४९ मधले, न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेसचे आहे. चित्राची ओळ चित्रावरून नव्हे तर चित्र ज्या संग्रहातून आले त्याच्या नोंदीवरून लिहावी. त्याच स्लाइडवर जाहीरनामा ‘एकमताने’ स्वीकारला असे आहे. बाजूने ४८ मते, विरोधात एकही नाही, तटस्थ आठ. विरोध नसणे म्हणजे एकमत नव्हे, आणि ते आठ तटस्थ देश कोणते (सोव्हिएत गटातील देश, सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका) हा प्रश्न एकमताच्या वाक्यापेक्षा कितीतरी बोलका आहे.

या तासिकेत जाहीरनामा जणू एका व्यक्तीने घडवला असे दिसते. मसुद्यात मोठा वाटा असलेले चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक, तसेच पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल त्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या भारताच्या हंसा मेहता, यांची नावे कुठेच नाहीत. सनदेवर सही करणाऱ्या चार स्त्रियाही नाहीत: मिनर्व्हा बर्नार्डिनो, बर्था लुट्झ, व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह आणि वू यी-फांग. नावांची यादी वाढवून हे भागत नाही. पहिल्या कलमाचे दोन मसुदे शेजारी ठेवून एका शब्दाने काय बदलते हे विचारणारी कृती लिहिली आणि तिच्यासाठी सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या इमारतीची माहिती देणाऱ्या दोन स्लाइड काढल्या. एक घालायची तर एक काढायची, हे बंधन नसेल तर सहा तासिकांचा संच दोन नूतनीकरणांत दहा तासिकांचा होतो आणि मग तो कोणीच पूर्ण शिकवत नाही.

परवान्याचा गुंता वेगळा. संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एनसी-एसए ३.० परवान्याखाली आहे: श्रेय द्या, व्यापारी वापर नको, बदललेली प्रत त्याच अटींवर वाटा. बदललेली आवृत्ती याच अटींच्या ४.० मध्ये नेता येते, आणि न्यावी. चुकून अट मोडली आणि ती लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर ४.० मध्ये वापराचा हक्क आपोआप परत मिळतो. पण संचावरचा परवाना आतल्या परक्या चित्रांना लागू होत नाही. ‘नेटवरून साभार’ हे श्रेयही नाही आणि परवानगीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छायाचित्र-विभागातली चित्रे मुक्त परवान्याची नसतात, त्यांच्या वापराला अटी आहेत. प्रत्येक चित्रासाठी नोंदवहीत चार गोष्टी हव्यात: शीर्षक, निर्माता, कुठून घेतले, कोणता परवाना. चारपैकी एक जरी मिळाली नाही तरी चित्र काढायचे. एनडी, म्हणजे बदल न करण्याची अट असलेल्या चित्रावर बाण काढणे किंवा त्यातली अक्षरे मराठीत करणे हाही बदलच, आणि बदललेले चित्र वाटता येत नाही.

युद्धबळी आणि छळछावण्यांच्या चित्रांबद्दल एक निर्णय पक्का ठेवला: धक्का देण्यासाठी प्रेतांची चित्रे नाहीत, आणि विद्यार्थ्यांना बळी किंवा अत्याचारी बनवणारी नाट्यकृती नाही. आमसभेचा सराव जरूर करावा. छावणीचा सराव करू नये.

नकाशा नव्याने

जुना नकाशा हे एक सपाट चित्र आहे, अक्षरे त्यातच भाजलेली. एक नाव बदलायला सगळा नकाशा पुन्हा काढावा लागतो, म्हणूनच तो इतकी वर्षे कोणी बदलला नाही. नवा नकाशा नॅचरल अर्थ या नकाशा-संग्रहाच्या सार्वजनिक मालकीच्या माहितीवरून क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढला. भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला तिथली १:५ कोटी प्रमाणाची आवृत्ती पुरेशी होते, त्याहून बारीक घेतली तर किनारे काळेकुट्ट दिसतात. सीमा, रंग आणि नावे वेगवेगळ्या थरांत ठेवली.

मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक जुनी पद्धत) सोडले. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढा वाटतो. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी. वसाहतींचा विस्तार शिकवताना क्षेत्रफळ खरे दिसणे आवश्यक, म्हणून २०१८ मध्ये मांडलेले इक्वल अर्थ प्रक्षेपण घेतले. रंगांबरोबर रेघोट्या आणि ठिपके वापरले, कारण बहुतेक वर्गांत हा नकाशा काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर पोचतो आणि तिथे हिरवा नि लाल एकच होतात.

वादग्रस्त सीमांवर सर्वांना पटेल असा तोडगा नाही. नॅचरल अर्थ मुळात प्रत्यक्ष ताबा दाखवते, आणि अनेक देशांत सीमा कशा छापायच्या याचे कायदे आहेत. म्हणून वादग्रस्त रेषांचा थर स्वतंत्र ठेवला, शिक्षक-टिपणात आपल्या देशाच्या अधिकृत नकाशाप्रमाणे तो बदलण्याची पद्धत दिली. ‘जगात देश किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर असलेली जागा उत्तरसूचीतून काढली. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आणि दोन निरीक्षक राज्ये (होली सी, म्हणजे व्हॅटिकनचे धर्मपीठ, आणि पॅलेस्टाइन), ऑलिम्पिक समित्या २०६, फिफाचे सदस्य २११. कोण कशासाठी मोजतो त्यावर उत्तर ठरते, आणि ते विद्यार्थ्यांनी ठरवायचे.

फाइली

कालरेषा फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, त्यामुळे ती उघडतच नाही. तिच्या जागी कापून लावायच्या छापील पट्ट्या केल्या. प्रोजेक्टर नसलेल्या वर्गातही चालतात. (राष्ट्रसंघाची पट्टी १९३९ ला संपत होती, ती एप्रिल १९४६ पर्यंत लांबवली, विसर्जन तेव्हा झाले.) प्रोजेक्टरसाठी १,९२० पिक्सेल रुंदीपलीकडचे चित्र ठेवण्यात अर्थ नाही, तेवढे केल्यावर स्लाइडची फाइल उतरवण्याजोगी झाली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५:१ ठेवला. प्रत्येक फाइल बदलता येईल अशा रूपात आणि पीडीएफ अशी दोन्ही दिली. मेलेले दुवे बदलताना संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना पानाचा पत्ता न देता ठरावाचा क्रमांक आणि तारीख दिली, जसे ठराव १५१४, १४ डिसेंबर १९६०. संकेतस्थळाची मांडणी बदलली तरी क्रमांक बदलत नाही.

प्रसिद्ध केल्यावर काय बिघडते

सर्वांत मोठी अडचण जुन्या प्रतींची. शिक्षकाकडे जुनी छापील कृतिपत्रिका किंवा चाचणी असते आणि ती नव्या उत्तरसूचीने तपासली जाते. अकराव्या प्रश्नाला सुदान लिहिणारा विद्यार्थी मग एकतर उगाच चुकतो किंवा उगाच बरोबर ठरतो. यासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती-क्रमांक आणि तपासणीचा महिना छापला, आणि उत्तरसूचीच्या माथ्यावर ‘केवळ आवृत्ती ३ च्या कृतिपत्रिकांसाठी’ असे. तथ्ये बदलली तर दशांशानंतरचा अंक वाढतो, तासिकांचा क्रम किंवा कृती बदलल्या तर पहिला. प्रश्नांचे क्रमांक शक्यतो बदलले नाहीत; काढलेल्या प्रश्नाच्या जागी नवा घातला. बदलांची यादी एका पानाची, शिक्षकाच्या भाषेत: ‘चाचणी, प्रश्न ११ : उत्तर अ ऐवजी आ. कारण : २०११ मधील सुदानची फाळणी.’

संच आधीच्याच पत्त्यावर ठेवला. नवा पत्ता दिला की जुनी फाइल शोधयंत्रात वर्षानुवर्षे वर राहते. आवृत्ती १ पुसली नाही, वेगळ्या कप्प्यात ‘वर्गात वापरू नये’ या शिक्क्यासह ठेवली, आणि तिचा नकाशा सहाव्या तासिकेच्या कृतीला घेतला: नकाशा कोणत्या वर्षांच्या दरम्यानचा आहे ते तीन पुराव्यांसह सांगा.

पुढच्या तपासण्यांच्या तारखा नोंदवहीत आताच टाकता येतात. सुरक्षा परिषदेच्या दहा अस्थायी सदस्यांपैकी पाच दर १ जानेवारीला बदलतात. ती नावे छापलेलीच नाहीत, शोधून लिहायची रिकामी जागा आहे. १ जानेवारी २०१७ पासून सरचिटणीस असलेल्या अँटोनिओ गुटेरेस यांची दुसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. ते नाव संचात तीन ठिकाणी आहे, तिन्ही पाने नोंदवहीत लिहिलेली आहेत. शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदत २०३० मध्ये संपेल, तेव्हा पाचव्या तासिकेतली सात वाक्ये भूतकाळात न्यावी लागतील. त्यांचे क्रमांकही दिले आहेत.